९८ सीसीचा प्रश्न

चाळिशीत माणसाला चष्मा लागतो आणि पंचेचाळिशीत वेग लागतो. चष्म्याचं कारण डॉक्टर सांगतात. वेगाचं कारण कुणाला सांगता येत नाही. मला येतं, कारण ते मांजरसुंब्याच्या घाटात उभं आहे.

त्याचं असं झालं, की आमची बदली झाली. बीडहून नेकनूरच्या पुढे, एका बाजूने चाळीस किलोमीटर. (बदलीच्या पत्रात याला 'प्रशासकीय सोय' म्हणतात. कुणाची सोय, ते पत्रात नसतं.) वाहन म्हणाल तर वडिलांनी १९९४ साली प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन खरेदी केलेली यामाहा आरएक्स १००. ही गाडी १९८५ साली आपल्याकडे आली आणि १९९६ साली बंद झाली. त्याच सुमारास इंड-सुझुकी आली, हिरो होंडा आली, कावासाकी बजाज आली. सगळ्याच शंभराच्या आतबाहेरच्या आणि सगळ्याच जपानी जावई. त्यात हिरो होंडा हा गुणी जावई, कमी खाणारा. आमचा यामाहा हा खाणारा, पण अंगात रग असलेला. टू-स्ट्रोक इंजिन असल्यामुळे दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. फोर-स्ट्रोकवाले दोन फेऱ्यांत एक. म्हणून ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर. वडील प्राथमिक शिक्षक होते आणि आयुष्यात त्यांनी ही एकच चैन केली. तीही चाळीसच्या वेगाने.

पण तीस वर्षांनी त्या अकरापैकी किती घोडे तबेल्यात उरले, हे गाडीलाच माहीत. घाटात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि मी बराच वेळ शेजारी शेजारी चालतो. ट्रॅक्टरवर गाणी लागलेली असतात, तेवढीच करमणूक. मांजरसुंब्याच्या पुढे मात्र करमणूक संपते. तिथे वाहनं समोरूनही येतात. ट्रॅक्टर ओलांडायला उजवीकडे काढावं, समोर ट्रक दिसावा, मूठ पूर्ण पिळलेली असावी आणि गाडीने आवाजाखेरीज काही देऊ नये! अशा वेळी मागे बसलेल्या सौभाग्यवतीचा हात खांद्यावर घट्ट होतो. ती बोलत नाही. बावीस वर्षांच्या संसारात ती बोलली नाही असे प्रसंग मला बोटांवर मोजता येतात, आणि ते सगळे याच रस्त्यावरचे आहेत.

तेव्हा गाडी पळाली पाहिजे, हे ठरलं. प्रश्न एवढाच, की हिलाच पळती करायची, की पळती दुसरी आणायची?

पहिल्या मार्गाचे पुरस्कर्ते आमचे वस्ताद. बशीरगंजच्या बाजूला त्यांचं गॅरेज आहे, आणि त्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे. "साब, एकसोपैंतीस का ब्लॉक डाल देंगे. गाडी नहीं, गोली!" हे औषध अगदीच भोंदू नाही, बरं का. आरएक्स १०० च्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५०. पुढे आलेल्या आरएक्स १३५ ची धाव तीच ५०, पण व्यास ५८. गुणाकार केला तर एकीचे ९८ सीसी होतात, दुसरीचे १३२. म्हणजे क्रँक तोच, फक्त वरचा मजला मोठा. मग पोर्ट खरवडायचे, कार्बोरेटरची जेट बदलायची, पुढची चकती एका दाताने वाढवायची. "चकती वाढवली की काय होईल?" मी विचारलं. "टॉप बढेगा." "आणि घाटात?" वस्ताद गप्प. चकतीचा दात वाढवला की सपाटीला वेग मिळतो आणि चढाला ओढ जाते. हे मला ठाऊक होतं, पण त्यांनाही ठाऊक आहे याची खात्री करून घेतली. कर्ज देताना आम्ही असेच प्रश्न विचारतो.

अंदाजपत्रक निघालं बावीस हजारांचं. आता आम्ही पडलो बी.कॉम. हा खर्च महसुली की भांडवली, यावरच माझं एक रविवार दुपार गेलं. यंत्र होतं तसं ठेवण्यासाठी केलेला खर्च महसुली. यंत्राची ताकद वाढवणारा खर्च भांडवली. भांडवली असेल तर तो मालमत्तेच्या किमतीत मिळवून त्यावर घसारा काढायला हवा. घसाऱ्याचीही गंमत असते. घटत्या शिलकेवर काढला तर मालमत्ता कितीही जुनी झाली तरी शून्यावर कधी येत नाही. आमची गाडी तर उलट्या दिशेने निघाली आहे. पेट्रोल पंपावर दर आठवड्याला एखादा मिशी न फुटलेला पोरगा येतो आणि विचारतो, "काका, देता का? ऐंशी देतो." ऐंशी हजार! वडिलांनी नवी घेतली त्याच्या कितीतरी पट. असला घसारा आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

शिवाय कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. म्हणजे एमएच २३ च्या पुस्तकात ९८ आणि पोटात १३२. हे तर सरळ बेनामी खातं झालं! दिवसभर लोकांची केवायसी तपासणाऱ्या माणसाने संध्याकाळी असल्या गाडीवरून घरी जावं, हे मला पटेना. अपघात झालाच तर विमावाले पहिला प्रश्न काय विचारतील, तेही ठाऊक होतं.

मग दुसरा मार्ग. शोरूममध्ये गेलो. चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम ड्यूक २०० उभी होती. २५ हॉर्सपॉवर! आमच्या दुपटीहून जास्त. वर बसलो. म्हणजे चढलो. दोन्ही पाय जमिनीला टेकेनात. एका वेळी एकच पाय, तोही चवड्यावर. मागची बैठक पाहून सौभाग्यवती म्हणाली, "अहो, इथं माणसानं बसायचं की पोपटानं?"

पुण्याला इंजिनियर असलेल्या भाच्याने त्यात भर घातली. म्हणाला, "मामा, वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. ताकद दुप्पट केली तर सर्वाधिक वेग जेमतेम पंचवीस-सव्वीस टक्क्यांनी वाढतो." घन! चक्रवाढ व्याजसुद्धा इतकं निर्दय नसतं. मी लगेच पावतीच्या पाठीवर हिशोब मांडला. सरासरी पंचेचाळीसऐवजी पंचावन्न पडली तर चाळीस किलोमीटरमागे वाचतात जेमतेम दहा मिनिटं. ती घेऊन मी काय करणार? सिस्टीम सुरू व्हायची वाट दहा मिनिटं जास्त बघणार. आणि ज्या जिल्ह्याने १९९५ साली मंजूर झालेली रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडच्या स्टेशनात आलेली पाहिली, त्या जिल्ह्यात दहा मिनिटांचं कौतुक कोणाला सांगायचं?

एक गोष्ट मात्र नव्या गाडीच्या बाजूने खरी होती. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचा आहे. आमच्या गाडीला पुढेमागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक, आणि वस्तादांच्या बावीस हजारांत ब्रेकचा उल्लेख नव्हता. हे जेव्हा ध्यानात आलं तेव्हा मी जरा वेळ शोरूममध्ये बसूनच राहिलो. पण गाडीचे अडीच लाख म्हणजे लातूरला शिकणाऱ्या मुलीच्या पुढच्या वर्षाची एफडी. ती मी मनातल्या मनात मोडली आणि मनातल्या मनातच परत ठेवली. व्याजाचं नुकसान झालं नाही.

शेवटी वस्तादांना म्हटलं, "इंजिन खोला. आहे तेच नीट करा. आणि ब्रेक शू नवे, दोन्हीकडे."

खोललं. सिलिंडर अंडाकृती झिजलेला, रिंगा नावापुरत्या, सायलेन्सरमध्ये तीस वर्षांचं काजळ. पंचवीस साइजचा बोअर वडिलांनीच एकदा करून घेतला होता. आता पन्नास साइज घ्यावा लागला, म्हणजे मूळ व्यासाहून अर्धा मिलिमीटर जास्त. संध्याकाळी मी सवयीने गुणाकार केला: व्यास ५०.५, धाव ५०. उत्तर आलं १०० सीसी आणि वर थोडं. जन्मल्यापासून अठ्ठ्याण्णवावर शंभराची पाटी लावून फिरलेली गाडी तीस वर्षांनी नावाला जागली. मुख्य म्हणजे हा खर्च महसुली होता, सात हजार चारशे.

गाडी हातात देताना वस्ताद म्हणाले, "अब खींचेगी, साब. मगर पहले पाँचसौ किलोमीटर चालीस के ऊपर काटा नहीं."

म्हणजे सध्या मी चाळीसने जातो. घाटात ट्रॅक्टरचा ड्रायव्हर ओळखीचा झाला आहे, हात करतो. सौभाग्यवतीचा हात खांद्यावर सैल असतो आणि ती बोलते, मांजरसुंब्यापासून नेकनूरपर्यंत सलग. पाचशेपैकी दोनशे बारा किलोमीटर झाले. बाकी दोनशे अठ्ठ्याऐंशी.