उन्हाच्या नोंदी

कातडीच्या तुकड्याची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की त्या माणसाचं आयुष्य उघड्यावर किती गेलं, हे नाव-गाव न वाचताही बऱ्यापैकी सांगता येतं. दंडाच्या आतल्या बाजूचं कातडं असेल, तर बाह्यत्वचेखाली कोलॅजेनच्या गुलाबी लडी नीट लागलेल्या दिसतात. उभा जन्म शेतात काढलेल्या माणसाच्या मानेवरचं असेल, तर त्याच जागी निळसर-राखाडी गुंताडा असतो. आम्ही त्याला सोलर इलॅस्टोसिस म्हणतो. हे दोन्ही तुकडे एकाच माणसाचे असू शकतात. वय तेच, आईबापाकडून आलेली जनुकं तीच; फरक फक्त उन्हाचा.

पण हा फरक साठून राहतो कुठे? बाह्यत्वचेच्या पेशी साधारण महिनाभरात झडून जातात. मे महिन्यात रापलेल्या पेशी श्रावणात अंगावर नसतातच. मग तीस वर्षांपूर्वीचं ऊन आजच्या कातडीत कसं सापडतं? मी त्वचारोगांच्या विकृतिशास्त्रात रमले ती याच प्रश्नापायी.

अर्धं उत्तर जुनं आहे. 280 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-बी किरण डीएनएवर पडले, की त्यातली शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. पेशी तो बिघडलेला तुकडा कापून नवा भरते. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडणाऱ्या अझीझ संजार यांना 2015 साली रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. ज्यांच्यात ही यंत्रणा जन्मतःच मोडकी असते, त्या झेरोडर्मा पिग्मेंटोझमच्या मुलांना कोवळ्या वयात त्वचेचे कर्करोग होतात. निरोगी माणसातही काही चुका दुरुस्तीतून निसटतात. त्या बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या मूळपेशींत राहतात आणि पुढच्या प्रत्येक पिढीत उतरतात.

उरलेलं अर्धं उत्तर एपिजेनेटिक्सचं आहे. डोळ्यांसमोर सातबारा आणा. जमीन तीच, गट नंबर तोच, क्षेत्रही तेच. पण ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा चढला की व्यवहार अडतो आणि बोजा उतरला की मोकळा होतो. डीएनएतल्या सायटोसिन या अक्षरावर मिथाइल गट बसतो तो असाच. अक्षर बदलत नाही, पण जनुक वाचलं जाईल की मिटलेलं राहील हे बदलू शकतं. पेशी दुभंगताना ही नोंदही नव्या प्रतीवर उतरवली जाते, म्हणून ती टिकते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या अँड्र्यू फाइनबर्ग यांच्या गटाने 2015 साली तरुण आणि वयस्क माणसांच्या कातडीचे तुकडे तपासले. काही उन्हात राहणाऱ्या भागांतले, काही झाकल्या दंडाच्या आतल्या बाजूचे. वयस्कांच्या उन्हातल्या बाह्यत्वचेत जनुकसंचाचे लांबच्या लांब पट्टे मिथाइल गमावून बसले होते. कातडी उन्हाने जितकी जून झालेली, तितकी ही गळती जास्त. त्वचेच्या स्क्वेमस पेशींच्या कर्करोगातही हेच पट्टे असेच रिते सापडले. आणि ज्यांच्या कातडीत ही गळती दिसली त्यांना कर्करोग नव्हता. दिसायला निरोगी कातडी आतून त्या वाटेवर काही पावलं चाललेली असते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

याहून खोल गोष्ट पुढे आहे. ही नोंद आणि मूळ अक्षर ही दोन वेगळी खाती नाहीत. मिथाइल बसलेलं सायटोसिन अतिनील प्रकाश अधिक सहज शोषतं, त्यामुळे सूर्यप्रकाशात नेमकं तिथेच अक्षरं चिकटण्याचं प्रमाण वाढतं. वर त्या चिकटलेल्या अवस्थेत मिथाइलवाल्या सायटोसिनमधला अमिनो गट गळला, तर त्याचं थेट थायमिन होतं. एक अक्षर जाऊन दुसरं येतं. कर्करोगाला लगाम घालणाऱ्या पी-53 या जनुकात त्वचेच्या कर्करोगात ज्या जागा वारंवार बिघडलेल्या सापडतात, त्यांतल्या कित्येक अशा मिथाइलच्याच जागा आहेत. पुसता येण्याजोगी नोंद उन्हामुळे कायमची चूक होऊन बसते, ती अशी.

दुरुस्तीलाही किंमत मोजावी लागते. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. बिघाडापर्यंत पोचायचं तर ती गुंडाळी सैल करावी लागते. पॅरिसच्या क्युरी संस्थेत जेनेव्हिएव्ह अल्मुझ्नी यांच्या गटाने 2006 साली दाखवलं, की अतिनील किरणांनी बिघडलेल्या जागी नवे हिस्टोन येऊन बसतात. जुन्या हिस्टोनांवरच्या खुणा या नव्यांवर नसतात. त्या पुन्हा उमटवाव्या लागतात.

आपली कातडी सावळी, आपल्याला काय होतंय, असं बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येतं. आपल्याकडे त्वचेचे कर्करोग कमी आहेत, हे खरं. मेलॅनिन केंद्रकावर टोपीसारखं बसून डीएनए झाकतं. पण वांग आणि अकाली सुरकुत्या यांतून सावळी कातडी सुटत नाही. शिवाय अतिनील-ए किरण काचेतूनही आत येतात. अमेरिकेतल्या एका मालट्रक चालकाचं छायाचित्र 2012 साली प्रसिद्ध झालं. 28 वर्षं ट्रक चालवलेल्या त्या माणसाचा खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांच्या वळ्यांनी भरलेला आहे, उजवा त्यामानाने खूपच तरुण.

हाच प्रकाश आम्ही औषध म्हणूनही वापरतो. कोड आणि सोरायसिससाठी 311 नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातला अतिनील-बी नेमक्या मात्रेत देतात. सोरायसिसच्या चट्ट्यांतले मिथाइलचे बदल या उपचाराने निरोगी कातडीच्या दिशेने सरकतात, असं दिसलं आहे. मात्र बावचीचं तेल चोपडून मनाने उन्हात बसू नका. त्यातल्या सोरालेनमुळे कातडी भाजते, मोठाले फोड येतात.

नोंदी पुसता येतात म्हटल्यावर बाजार मागे कसा राहील? ‘एपिजेनेटिक’ अशी अक्षरं छापलेली महागडी क्रीम दुकानांत आली आहेत. माझं मत स्पष्ट आहे: त्यांवर पैसे घालू नका. कुठल्या जनुकावरची कुठली नोंद पुसायची आणि शेजारच्या हजारोंना धक्का लागू द्यायचा नाही, हे बाटलीतून साधण्याइतकं आपलं शास्त्र अजून पुढे गेलेलं नाही. साधं सनस्क्रीन मात्र पारखून झालं आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावी 900हून अधिक माणसांवर साडेचार वर्षं चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी, मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी जून झाली.

ज्यांना सनस्क्रीन परवडत नाही, त्यांनी आपली वाट आधीच काढली आहे. निंदणीला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट चढवतात, डोक्याला आणि तोंडाला फडकं बांधतात. घट्ट विणीचं कापड अतिनील किरण उत्तम अडवतं, त्यामुळे हा पोशाख शास्त्राच्या कसोटीला पुरा उतरतो. उरतं दुपारचं ऊन, आणि ते टाळणं मजुराच्या हाती नसतं. म्हणून शेतमालक, मुकादम, ठेकेदार आणि नगरपालिकांना माझी विनंती आहे: एप्रिल-मेमध्ये काम पहाटे लवकर सुरू करा, अकरा ते तीन सुट्टी द्या, आणि कामाच्या जागी सावलीला एक मांडव घाला.