शब्द पोहोचेल तेवढे अंतर

न्यू जर्सीतील एडिसन या गावी, जेथे मराठी बोलणे आता वाण्याच्या दुकानापासून गणेशोत्सवाच्या मंडपापर्यंत सर्वत्र कानी पडते, तेथून मोटारीने थोड्याच वेळात पोहोचता येईल इतक्या अंतरावर इंग्लिशटाउनचे रेसवे पार्क आहे. मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेल्या या मैदानावर ३ सप्टेंबर १९७७ रोजी ग्रेटफुल डेड या रॉक वाद्यवृंदाला ऐकण्यासाठी १,०७,०१९ माणसे तिकीट काढून आली होती, आणि एका कलावंताच्या तिकिटाच्या कार्यक्रमाला एका ठिकाणी जमलेल्या श्रोत्यांचा अमेरिकेतील तो उच्चांक जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे अबाधित राहिला. १५ जून २०२४ रोजी टेक्सासमधील कॉलेज स्टेशन येथील काइल फील्डवर जॉर्ज स्ट्रेट या कंट्री गायकाने तो मोडला. त्या रात्रीची नोंद १,१०,९०५ अशी दप्तरी लागली.

आमच्याकडे रॉकच्या उपासकांची एक जुनी मंडळी आहे. तीत काही जन्माने अमेरिकन आहेत, काही मुंबई-पुण्याहून नोकरीच्या निमित्ताने येऊन येथेच स्थायिक झालेले आहेत. या वार्तेने त्या मंडळीत जो कज्जा उभा राहिला, त्याचा फैसला अद्याप झालेला नाही. त्यांतील एक वयोवृद्ध गृहस्थ विद्यार्थिदशेत प्रत्यक्ष इंग्लिशटाउनच्या गर्दीत उभे होते; मैदानाभोवती मालवाहू कंटेनरांची भिंत कशी रचली होती, हे ते आजही हातवारे करून सांगतात, आणि तो मान रुंद काठाच्या टोपीवाल्या गायकाकडे गेला याचे त्यांना खरोखर दुःख झाले. गिरगावातून आलेला माझा एक मित्र त्याहून कठोर आहे. तो म्हणाला, "अरे, तीन सुरांचं गाणं, त्यात एक ट्रक, एक कुत्रा आणि सोडून गेलेली बायको, ह्याला लाख माणसं कशाला जमतात, ते सांग मला." प्रश्न त्याने चिडून विचारला असला, तरी तो विचारण्याजोगा आहे, आणि या लेखात मी त्याला माझ्या परीने उत्तर देऊ पाहतो आहे.

प्रथम त्या वृद्ध स्नेह्यांच्या दुःखाविषयी. इंग्लिशटाउनला त्या दिवशी डेडच्या आधी रंगमंचावर आले होते न्यू रायडर्स ऑफ द पर्पल सेज आणि मार्शल टकर बँड. पहिल्याचे गाणे तर सरळसरळ कंट्रीच्या वळणाचे, आणि दुसऱ्याच्या अंगात कंट्रीचे रक्त भरपूर. डेडचा जेरी गार्सिया हा विद्युत गिटारकडे वळण्यापूर्वी कंट्रीचीच एक शाखा असलेल्या ब्लूग्रासच्या पद्धतीने बँजो वाजवीत असे. १९७० साली क्रॉसबी, स्टिल्स, नॅश आणि यंग यांच्या एका विख्यात गीतातील पेडल स्टील गिटार त्याच्याच हातची. आणि मर्ल हॅगर्ड, मार्टी रॉबिन्स, जॉनी कॅश या तिघा कंट्री गायकांचीही गाणी डेडच्या मैफलींत वर्षानुवर्षे गायिली गेली. तेव्हा उच्चांक परक्या घरी गेला असे मानण्यास आधार नाही. एकाच कुटुंबाच्या वाटणीत तो थोरल्याकडून धाकट्याकडे, किंबहुना धाकट्याकडून थोरल्याकडे आला, कारण वयाने कंट्री हीच वडील आहे.

मग वैर आले कोठून? माझ्या मते त्याचे मूळ स्वरांत शोधणे व्यर्थ आहे. ते केसांत, पोशाखात आणि युद्धाविषयीच्या मतांत सापडते. मार्च १९६८ मध्ये बर्ड्झ हा कॅलिफोर्नियातील वाद्यवृंद नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात, ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या रेडिओ कार्यक्रमात, गायला उभा राहिला, तेव्हा तेथील श्रोत्यांनी त्या लांब केसांच्या तरुणांची हुर्यो उडविली. आणि त्याच वर्षी त्यांनी काढलेली कंट्रीची तबकडी रॉकच्या श्रोत्यांनी फारशी विकत घेतली नाही. त्या वाद्यवृंदातल्या ग्रॅम पार्सन्स या तरुण गायकाने दोन घरांमधला दरवाजा उघडू पाहिला, तर दोन्हीकडून तो त्याच्या तोंडावर लावून घेतला गेला. पुढल्याच वर्षी व्हिएतनामचे युद्ध ऐन भरात असताना हॅगर्डने हिप्पींना नावे ठेवणारे आपले प्रसिद्ध गीत गायिले, आणि सरहद्द पक्की झाली. ती पुसण्याचे श्रेय मी सर्वांत अधिक टेक्सासमधील ऑस्टिन शहरातल्या आर्माडिलो नावाच्या जागेला देतो: सैन्याच्या एका जुन्या शस्त्रागारात १९७० साली सुरू झालेल्या या सभागृहात १९७२ मध्ये कंट्री गायक विली नेल्सन गायला, आणि दाढीवाले विद्यार्थी व बूटवाले शेतकरी एकाच जमिनीवर शेजारी शेजारी बसून ऐकू लागले. पुढे २२ सप्टेंबर १९८५ रोजी इलिनॉयमधील शँपेन येथे कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी जो फार्म एडचा मेळा भरला, त्यात नेल्सनच्या जोडीला नील यंग व जॉन मेलनकँप हे रॉकचे गायक होते. त्या दिवशी कंट्री कोणती आणि रॉक कोणता, याचा जाबजबाब कोणी कोणाला मागितला नाही.

आपल्याकडेही ही तेढ एका निराळ्या वेषात होती, आणि गिरगावकर मित्राचा तिटकारा तेथूनच आलेला आहे. धोबी तलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, विद्युत गिटारींच्या गर्जनेत ज्यांचे तारुण्य गेले, त्या मुलांच्या दृष्टीने कंट्री म्हणजे वांद्र्याच्या किंवा मडगावच्या ख्रिस्ती घरांतून रविवारी दुपारी ऐकू येणारा जिम रीव्हज; वडीलधाऱ्यांच्या आवडीचा, आणि म्हणून त्याज्य. मी त्या घरांतून तो आवाज पुष्कळ ऐकला आहे आणि मला तो तेव्हाही प्रिय होता. १९५७ सालच्या सुमारास रीव्हजने आपला पूर्वीचा चढा सूर सोडून ध्वनिक्षेपकाला ओठ जवळजवळ टेकवून, खालच्या पट्टीत, कानात सांगावे तसे गाण्यास आरंभ केला. चेट अॅटकिन्ससारखा जाणता निर्माता त्याच्या पाठीशी होता. १९६४ साली विमान अपघातात त्याचा अंत झाला. हिंदुस्थानात तो कधी पाऊल न टाकता गोव्याच्या आणि वसईच्या घरांत जो मुक्काम करून राहिला, त्याचे कारण हेच की, त्या आवाजाला सभागृहाची गरजच नव्हती. रेडिओग्रामजवळच्या एका खुर्चीएवढी जागा त्याला पुरत असे.

कंट्री गीताचा जीव या समीपतेत आहे. त्याची रचना आपल्या कीर्तनातील आख्यानासारखी असते: पहिल्या कडव्यात माणसे आणि गाव, दुसऱ्यात संकट, आणि तिसऱ्यात असा एखादा तपशील की ज्यामुळे ध्रुपदाचे तेच शब्द आता निराळ्या अर्थाने ऐकू यावेत. तिसऱ्या कडव्यातला तो एक शब्द निसटला, तर सारे गीत निसटले. म्हणून या कलेचे खरे घर मला रायमन वाटते. टॉमस रायमन नावाच्या, नदीवर बोटी चालविणाऱ्या एका कप्तानाने, एका धर्मोपदेशकाचे प्रवचन ऐकून अंतःकरण पालटल्यावर, प्रार्थनेसाठी म्हणून ही वास्तू उभारण्याचा संकल्प केला आणि १८९२ मध्ये ती पूर्ण झाली. १९४३ पासून १९७४ पर्यंत ऑप्रीचे प्रक्षेपण येथून झाले. ऑप्री नव्या, विस्तीर्ण नाट्यगृहात गेली, तेव्हा रायमनच्या रंगमंचातून ओक लाकडाचे सहा फूट व्यासाचे वर्तुळ कापून नव्या रंगमंचाच्या मध्यभागी बसविण्यात आले, आणि गायक आजही त्यावर उभा राहून गातो. सुमारे तेवीसशे माणसे मावतील एवढे हे सभागृह. खुर्च्यांच्या ठिकाणी देवळातले लांब लाकडी बाक, त्यामुळे शेजाऱ्याच्या कोपराचा स्पर्श अटळ.

त्या बाकांवरून मी पेडल स्टील वाजताना पाहिली आहे, आणि पाहिली असे मुद्दाम म्हणतो. हवाईयन गिटारपासून निपजलेले हे वाद्य वादकासमोर मेजासारखे आडवे असते. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकते, उजव्या हाताचा अंगठा व बोटे नख्या चढवून तारा छेडतात, डाव्या पावलाखाली पट्ट्या असतात, उजव्या पावलाखाली आवाज लहानमोठा करण्याचे साधन, आणि मेजाखाली दोन्ही गुडघ्यांनी ढकलावयाच्या कळा. एखादी तार आपल्या सुरावरून शेजारच्या सुरावर ओढली जाते आणि तिच्या बाजूची तार जागच्या जागी स्थिर राहते. त्या ओढीतून जो करुण मींडसदृश स्वर निघतो, त्याला वादकाचा गुडघा इंचभर हलणे एवढेच कारण असते. वरच्या अंगाला वादक निश्चल, चेहऱ्यावर रेषा हलत नाही. सारे कष्ट मेजाखाली चाललेले. सतार ज्यांनी जवळून ऐकली आहे, त्यांना या वाद्याची ओळख करून द्यावी लागत नाही. विशाल मैदानावरील भव्य पडद्यावर हा गुडघा मला कधीही दाखविला गेलेला नाही. तेथे छायालेखक गायकाची टोपी दाखवितो.

मैदानाचा कायदा निराळा आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सना ऐकण्यासाठी ५५,६०० माणसे जमली. शंभर वॉटचे खास बनविलेले ध्वनिवर्धक आणि एरवी बेसबॉलच्या घोषणांसाठी वापरावयाचे मैदानाचे कर्णे एवढाच बंदोबस्त होता, आणि किंकाळ्यांपुढे तो कोठच्या कोठे वाहून गेला. रॉकचे भक्त या रात्रीला मैदानी मैफलींचे आदिपर्व मानतात. परंतु त्या रात्री रिंगो स्टारने गायिलेले गीत कोणते होते? कॅलिफोर्नियाच्या बेकर्सफील्डचा कंट्री गायक बक ओवेन्स याने दोनच वर्षांपूर्वी गाजविलेले. म्हणजे रॉकच्या पहिल्या महामेळ्यात कंट्री हजर होती. केवळ तिचे शब्द कोणाला ऐकू आले नाहीत.

आज ध्वनीचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे, तरी निसर्गाचा हुकूम मोडता येत नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तेव्हा रंगमंचापासून शंभर मीटरवर बसलेल्या श्रोत्याला गायकाचे ओठ पडद्यावर आधी हललेले दिसतात आणि शब्द सुमारे तृतीयांश सेकंदाने मागाहून येतो. म्हणून मैदानाच्या मध्यावर मनोरे उभारून त्यांवरील कर्ण्यांतून आवाज हिशेबाने उशिरा सोडतात, जेणेकरून तो रंगमंचाकडून येणाऱ्या आवाजाशी जुळून यावा. हे कारागिरीचे मोठे काम आहे आणि ते करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. तरीही ईस्ट रदरफर्डच्या मैदानावर, अगदी वरच्या सज्ज्यात बसून एका कंट्री गायकाला ऐकताना मला जे जाणवले ते असे: ज्या गीताचे शब्द मला पाठ होते ते मी ऐकले, आणि जे गीत नवे होते त्याचा केवळ ठेका माझ्यापर्यंत पोहोचला. भोवतालची हजारो माणसे मात्र प्रत्येक कडवे मोठ्याने म्हणत होती. शेजारी एक प्रौढ बाई आपल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून तिसरे कडवे गात होत्या, आणि आख्यानातला तो मोक्याचा शब्द मला रंगमंचावरून येण्याआधी त्यांच्या तोंडून ऐकू आला.

कंट्रीने मैदाने भरण्याची विद्या रॉककडून घेतली, हे तिच्या नामांकितांनीही लपविलेले नाही. गार्थ ब्रुक्स हा किस व क्वीन या रॉक वाद्यवृंदांचा वारसा मोकळेपणाने सांगतो. दोरांना लटकून प्रेक्षकांवरून उडण्यापर्यंत त्याची मजल गेली. त्या झगमगाटात मला गीत दुबळे होताना दिसते, आणि रॉकभक्तांचा आक्षेप तेवढ्यापुरता मला मान्य आहे. जॉर्ज स्ट्रेटची वहिवाट उलटी. प्रेक्षकांच्या मधोमध चौकोनी रंगमंच, चारी बाजूंना चार ध्वनिक्षेपक. एका बाजूला एकदोन गाणी म्हणावी आणि पुढच्या बाजूला जावे, इतकीच त्याची हालचाल. तो उड्या मारीत नाही, ओरडत नाही. प्रत्येक दिशेला तोंड करून तेच सौजन्य दाखवितो. शब्द स्पष्ट उच्चारणे, सुरात राहणे आणि गोष्ट सांगून बाजूला होणे, एवढ्या शिदोरीवर जो माणूस १९७० च्या दशकात टेक्सासच्या नृत्यगृहांतून गात आला, त्याला ऐकण्यासाठी एक लाख दहा हजार माणसे आली, याचा मला आनंद वाटतो. गिरगावकर मित्राच्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे: ती माणसे ट्रक आणि कुत्र्यासाठी आली नव्हती, आपल्या घरात, आपल्या मोटारीत, एकट्याने ऐकून पाठ झालेली गोष्ट इतरांनाही पाठ आहे काय, हे पाहण्यासाठी ती आली होती.

स्ट्रेटचा उच्चांकही फार काळ टिकला नाही. २७ सप्टेंबर २०२५ रोजी अॅन आर्बर येथील मिशिगन स्टेडियमवर झॅक ब्रायनला ऐकायला १,१२,४०८ माणसे आली. हा तरुण नौदलात होता, आणि ज्या गाण्याने त्याचे नाव प्रथम दूरवर गेले, ते त्याने बराकीबाहेर उभे राहून, अंगावर घाम असताना, एका गिटारीच्या साथीने, मित्राच्या भ्रमणध्वनीपुढे म्हटले होते. मिशिगनला त्याच्याआधी जे गायक आले त्यांत जॉन मेयर होता. डेडच्या उरलेल्या सभासदांबरोबर गार्सियाची गिटार पुढे चालविणारा तोच. ही गोष्ट मी आमच्या वृद्ध स्नेह्यांना सांगितली, तेव्हा ते बराच वेळ मेयरच्या वादनाविषयी बोलले आणि मग त्यांनी ब्रायनचे काय ऐकावे असे विचारले. मी त्यांना तेच बराकीबाहेरचे गाणे सांगितले. तेही प्रथम घरी, दिवाणखान्यात, एकट्याने, शब्दन् शब्द कळेपर्यंत ऐकावे, आणि मग पुढल्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी मैदानाची तिकिटे काढावीत, असे ठरले आहे.