उघड्या कानांनी

बडनेऱ्यात आवाजाला तोटा नाही. मुंबई-हावडा मार्गावरचं हे जंक्शन. अमरावतीकडे आणि नरखेडकडे जाणारे फाटे इथूनच फुटतात. रात्री दोन वाजताही एखादी मालगाडी घराच्या भिंती हलवून जाते. अशा गावात रॉक संगीत ऐकायचं, तर कान घट्ट झाकणारे हेडफोन घ्या, असं कुणीही सांगेल. आम्हा दोघा भावांना मात्र उघड्या पाठीचेच हवे होते.

त्याचं कारण अब्बा. त्यांची उमर एका जिनिंग फॅक्टरीत गेली. रेचे दिवसभर धडधडत आणि कानात बोळे घालण्याची रीत तेव्हा नव्हती. आता त्यांना अजान ऐकू येत नाही. आमच्यापैकी कुणी खांद्याला हात लावला, की ते वजूला उठतात. अम्मी गुडघ्यांमुळे खाटेवरूनच हाक मारते. आम्हीही कान बंद करून बसलो, तर या घरात दोन माणसं एकटी पडतात.

बंद हेडफोनमध्ये पडद्यामागची जागा वाटीने झाकलेली असते. उघड्यात तिथे जाळी असते. आवाज मागून निघून जातो, कोंडून घुमत नाही. त्यामुळे गिटार डोक्याच्या आत न वाजता थोडी दूर, मोकळ्यावर वाजल्यासारखी वाटते. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ साली एचडी ४१४ हा असा हेडफोन आणला आणि ही पद्धत रुळली. तोटेही आहेत. बाहेरचं आत येतं, आतलं बाहेर जातं आणि अगदी खालचा खर्ज पातळ होतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्‌झच्या आसपास बोलते. ती हरवली, तर रॉकचा पायाच खचतो.

आमचं बजेट वीस हजारांच्या आतलं. अमरावतीत लावून पाहायला मिळेना, म्हणून अमरावती एक्स्प्रेसने मुंबई गाठली. ग्राडोच्या एसआर ८० मध्ये गिटार अंगावर धावून आली, पण खर्ज तोकडा आणि फोमची गादी कानाला टोचली. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० प्रोमध्ये ड्रमच्या झांजा फार धारदार वाटल्या. शिवाय त्या २५० ओहमच्या हेडफोनला आमचा मोबाइल पुरेना, अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च वेगळा. तिसरा सेनहायझरचा एचडी ५६०एस, २०२० साली आलेला, १२० ओहमचा. मोबाइलला छोटा अडॅप्टर लावून त्याने आमच्यापुरता आवाज दिला.

परीक्षेसाठी दोन अल्बम नेले होते. एक पाकिस्तानच्या जुनूनचा १९९७ सालचा 'आझादी'. दुसरा क्वीनचा १९७५ सालचा, ज्यातल्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त चक्क 'बिस्मिल्ला' हा शब्द येतो. गाणारा फ्रेडी मर्क्युरी हा पारशी घरातला, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. त्या गाण्यातला समूह म्हणजे तिघांचेच आवाज, पुन्हा पुन्हा एकावर एक चढवलेले. ५६०एसमध्ये त्यांची गर्दी झाली नाही. प्रत्येक थर आपापल्या जागी राहिला. गाद्या मखमली कापडाच्या आणि बदलता येणाऱ्या. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे रेक्झिनच्या गाद्या घामाने चिकटतात. तोच घेतला.

एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. उघड्या हेडफोनमध्ये बाहेरचा गोंगाट दाबण्यासाठी आवाज वाढवण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलवर हातात पाचच तास उरतात. म्हणून मालगाडी आली, की आम्ही आवाज वाढवत नाही, गाणं थांबवतो. डबे संपले, की पुन्हा सुरू. बहिरेपण म्हणजे काय, हे आम्ही घरात रोज पाहतो.

अम्मी कुरकुरते, "अरे, वो तुम्हारा ढमढम इधर तक आ रहा है." आम्ही आवाज आणखी एक घर खाली आणतो. तिची कुरकुर गाण्याच्या मधून स्पष्ट ऐकू आली, यातच पैसे वसूल झाले.