ॲन युजर

रविवारी चौथीतल्या भाचीचा इंग्रजीचा अभ्यास घेत होतो. "ए, ई, आय, ओ, यू आलं की ॲन," मी ठोकून दिलं. शाळेत हेच घोकलेलं! तिने 'अ युनिफॉर्म' लिहिलं. मी पेन्सिलीने फुली मारली. बाईसाहेब रडकुंडीला.

"मामा, पण युनिफॉर्म 'य'ने सुरू होतो ना?"

च्यायला, खरंच की! स्पेलिंग नाही, उच्चार बघायचा. मग सगळे शब्द देवनागरीत लिहिले. स्वर आला की ॲन: अवर, एक्स-रे, अंब्रेला. युनिफॉर्म, वन-वे मात्र अ. एकदाही चुकली नाही पठ्ठी.

(आणि मी पाच वर्षं क्लायंटला 'ॲन युजर' लिहून पाठवतोय!)

ती फुली तिने मलाच खोडायला लावली.