सगळ्यांना चालणारा गोड पाव

टोपलीतली केळी काळी पडू लागली, की घरात कुणी त्यांना हात लावत नाही. शिकरण तरी किती वेळा करायचं? अशा वेळी केळ्याचा मसालेदार गोड पाव करून बघा. अमेरिकेत १९३० च्या दशकात तो घरोघरी होऊ लागला. यीस्टच्या पावासारखी पीठ फुगण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून हा झटपट पाव.

मी मात्र तो शिकले सासूबाईंसाठी. त्या अंडं खात नाहीत. मुलांच्या वाढदिवसाला केक कापायची वेळ आली, की काहीतरी निमित्त काढून त्या हळूच आत जायच्या. “तुमचं चालू द्या,” एवढंच म्हणायच्या. त्यांच्यासाठी पेढा असायचा, नाही असं नाही. पण वेगळी बशी ती वेगळीच, नाही का?

बेकिंग पावडरचा जन्मही अशाच एका घरात झाला बरं का! इंग्लंडात बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. म्हणून त्यांनी १८३७ साली बिनअंड्याचं कस्टर्ड केलं आणि १८४३ साली यीस्टशिवाय पाव फुगवणारी पावडर!

आता कृती. दीड वाटी कणीक, पाऊण चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, एक चमचा दालचिनीपूड, अर्धा चमचा सुंठपूड, पाव चमचा जायफळ आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून घ्या. दुसऱ्या भांड्यात तीन पिकलेली केळी कुस्करून त्यात पाऊण वाटी बारीक चिरलेला गूळ, अर्धी वाटी दही आणि पाव वाटीहून थोडं जास्त तेल घाला. गूळ विरघळला पाहिजे. अर्धी वाटी अक्रोड जरासे भाजून, तुकडे करून, कोरड्या पिठात घोळवा, म्हणजे ते तळाशी बसत नाहीत.

ओव्हन १८० अंशांवर तापला आणि डब्याला तूप लावून झालं, की मगच ओलं-कोरडं एकत्र करा. दही, गूळ आणि केळ्याचा आंबटपणा सोड्याला भेटला, की लगेच बुडबुडे सुटू लागतात. मिश्रण तसंच ठेवलं तर ते निघून जातात आणि पाव बसतो. घोटत बसू नका, नाहीतर तो चिवट होतो. कोरडं पीठ दिसेनासं झालं, की थांबा. पन्नासेक मिनिटांनी सुरी खुपसून बघा. स्वच्छ निघाली की झालं. ओव्हन नसेल, तर जाड पातेल्यात मिठाचा थर, वर जाळी, घट्ट झाकण आणि मंद आच. मात्र वेळ थोडा जास्त लागतो.

गेल्या वाढदिवसाला हाच पाव मधोमध ठेवला. सासूबाईंनी विचारलं, “यात अंडं नाही ना गं?” “नाही हो आई,” म्हटल्यावर त्या पुढे आल्या. नातीने सुरी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी दोन काप खाल्ले आणि म्हणाल्या, “सुंठ छान लागतेय.” त्या दिवशी पेढ्याची बशी काढावीच लागली नाही.

एक सांगून ठेवते. पाव पूर्ण गार झाल्यावरच कापा. दुसऱ्या दिवशी मसाला जास्त मुरतो, तेव्हा आदल्या संध्याकाळीच करा. उरलेले अक्रोड खवट होऊ नयेत म्हणून फ्रिजमध्ये ठेवा. आणि पाहुण्यांपैकी कुणाला अक्रोड चालत नसतील, तर ते न घालताही पाव उत्तम होतो. आधी विचारा मात्र. करायला घेण्यापूर्वी “कुणाला काय चालत नाही?” एवढं विचारलं, की घरातलं कुणी आत निघून जात नाही.