टीडीएस 480 आला, म्हणजे पाणी चांगलं?

मुदखेडहून आदिलाबादमार्गे जाणारी रेल्वे पुढे वणीला पोचते. माझी ताई त्याच भागात, एका खुल्या कोळसा खाणीजवळच्या गावात राहते.

सात वर्षांपूर्वी तिचा फोन आला. विहीर आटली म्हणून घरी खोल बोअर घेतला होता. "पाणी काचेसारखं आहे रे. मीटरवर टीडीएस 480 दाखवतोय. लेकराला देऊ का?" पेशंट तपासता तपासता मी म्हणालो, "पाचशेच्या आत आहे ना ताई, मग खुशाल दे."

मागच्या दिवाळीत भाचा मुदखेडला आला. आठ वर्षांचा. हसला तेव्हा पुढच्या नव्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे दिसले, एका दातावर तपकिरी डाग. ताई म्हणाली, "ब्रश नीट करत नाही." मला मात्र घाम फुटला. बोअरचं पाणी प्रयोगशाळेत दिलं. फ्लोराइड निघालं लिटरमागे 2.1 मिलिग्रॅम. भारतीय मानकानुसार ते 1 च्या आत हवं. दुसरा स्रोतच नसेल तर फार तर 1.5.

चूक माझी होती. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज. त्यात फ्लोराइड किती, हे तो आकडा सांगत नाही. फ्लोराइडला रंग, वास, चव नसते. पाणी उकळून ते जात नाही. उलट वाफ होऊन पाणी घटतं आणि प्रमाण थोडं वाढतं. हिरड्यांच्या आत दात तयार होत असतानाच हे डाग पडतात. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर सांधे आणि पाठ आखडते.

ताईनं विचारलं, "मग हे खाणीमुळंच झालं का?"

मला उत्तर देता आलं नाही. यवतमाळ जिल्ह्यात खडकातूनच फ्लोराइड पाण्यात उतरतं. पण खुल्या खाणीत साचणारं पाणी सतत उपसावं लागतं. त्यानं आजूबाजूची भूजल पातळी खाली जाऊ शकते. विहिरी आटतात, लोक खोल बोअर घेतात आणि खोलवरच्या खडकातलं पाणी पितात. ताईच्या गावात असंच घडलं का, हे ठरवायला विहिरीचे जुने अहवाल हवेत. ते कुणी ठेवलेच नव्हते.

पेशंटचं बीपी एकदा मोजून आपण निदान करत नाही. पाण्याचंही तसंच आहे. मोठ्या कोळसा खाणींना पर्यावरण मंजुरी देताना भूजल वर्षातून चार वेळा, म्हणजे मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत तपासण्याची अट सहसा असते. कारण उन्हाळ्यात क्षार दाट होतात, तर पावसात खाणीच्या ढिगाऱ्यांवरून घाण वाहून येते.

कोळसा खाणीजवळ राहत असाल तर फ्लोराइडवर थांबू नका. कोळशात पायराइट नावाचं गंधकयुक्त खनिज असतं. हवा-पाणी लागलं की त्यातून आम्ल तयार होतं आणि ते धातू विरघळवतं. म्हणून सामू, सल्फेट, लोह, मँगनीजही तपासून घ्या; निदान एकदा शिसं आणि आर्सेनिकही. दगडखाण जवळ असेल तर नायट्रेट पाहा, कारण सुरुंगाच्या दारूत ते असतं. त्याची मर्यादा 45 आहे. त्याहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध तान्ह्या बाळाला धोक्याचं.

ही तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत होते. बोअर काही मिनिटं चालू ठेवून मगच नमुना घ्या. बाटलीवर तारीख, ठिकाण आणि बोअरची खोली लिहा. ग्रामपंचायतीत जुना अहवाल मागा आणि आधी त्यावरची तारीख बघा.

भाच्याच्या दातांवरचे पट्टे आपोआप जाणार नाहीत. पण त्याची धाकटी बहीण तीन वर्षांची आहे, तिचे पक्के दात अजून तयार होताहेत. तिच्यासाठी आता आरओचं पाणी वेगळं भरतात. ताईनं स्वयंपाकघरात एक वही टांगली आहे. तिच्यात आजवर दोनच आकडे आहेत: नोव्हेंबरचा आणि जानेवारीचा. मे महिन्यातला नमुना घ्यायला मी स्वतः जाणार आहे.