दिवेलागणीचा फोटो

हौशी फोटोग्राफरच्या फोटोवर अभिप्राय द्यायचा म्हटला की बहुतेक जाणकारांची नजर आधी वाकड्या क्षितिजावर जाते, कारण ते चटकन दिसतं. मग कोपऱ्यात घुसलेली फांदी, मग फ्रेमचे तीन भाग पाडण्याचा नियम. पाच मिनिटांत चुकांची यादी होते, सांगणाऱ्याला आपण फार बारकाईनं पाहिलं असं वाटतं आणि ऐकणारा घरी जाऊन फोटो सरळ करतो. फोटो होता तसाच राहतो, फक्त सरळ.

मागच्या हिवाळ्यात औषधांच्या दुकानात नोकरी करणारा एक मुलगा माझ्याकडे मरीन ड्राइव्हचा फोटो घेऊन आला. मलबार हिलवर कमला नेहरू पार्कातून, म्हणजे आपल्या म्हातारीच्या बुटाच्या बागेतून काढलेला. मुंबईत ज्याच्या हाती कॅमेरा आला त्यानं हा फोटो एकदा तरी काढलेला असतोच. खाली गिरगाव चौपाटी आणि तिथून वळत वळत उजवीकडे नरिमन पॉइंटपर्यंत गेलेली दिव्यांची रांग. याच्या फोटोत आकाश काळंकुळकुळीत होतं, दिव्यांच्या जागी पांढरे गोळे उमटले होते, इमारती किंचित कलल्या होत्या आणि रंग असे चढवले होते की रस्त्याला आग लागल्यासारखी वाटावी. “सर, स्पष्ट सांगा,” म्हणाला. असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला स्पष्ट ऐकायचं असतंच असं नाही. याला ऐकायचं होतं.

मी विचारलं, “तिथं थांबलास कशासाठी?”

या प्रश्नाला पहिलं उत्तर नेहमी “व्ह्यू छान होता” असंच येतं. ते सोडून द्यावं आणि गप्प बसावं. थोड्या वेळानं तो म्हणाला, “खाली दिवे लागत गेले ना, आणि समुद्र अजून दिसत होता. तेवढ्यासाठी.”

आता माझ्या हातात माप आलं, आणि ते माझं नव्हतं, त्याचं होतं. त्यानं जे पाहिलं ते फोटोत आहे का, एवढंच मला बघायचं होतं. नव्हतं. फाइलमध्ये वेळ नोंदलेली असते. इथं ती होती संध्याकाळचे सात वाजून पाच मिनिटं. नोव्हेंबरअखेर मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे ज्या क्षणासाठी तो थांबला तो सव्वासहा-साडेसहाचा, आणि फोटो पाऊण तास उशिराचा. मधल्या वेळात काय केलं? ट्रायपॉड लावला, मग कठड्यावरची गर्दी पांगायची वाट पाहिली.

त्याला कुणीतरी शिकवलं होतं की सूर्यास्तानंतर तासभर आकाश निळं मिळतं. ही शिकवण इंग्लंड-युरोपातल्या व्हिडिओंमधून येते आणि तिथं ती बऱ्यापैकी खरीही आहे. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा संधिप्रकाश लंडनला जूनमध्ये पाऊण तासाच्या आसपास टिकतो. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे मुंबईत तोच संधिप्रकाश २२-२३ मिनिटांत आटोपतो. शिवाय त्या बागेतून मरीन ड्राइव्हकडे पाहताना मावळतीकडे आपली पाठ असते. समोरच्या आकाशात आधी एक करडा-निळा पट्टा वर चढू लागतो, त्याच्या डोक्यावर गुलाबी कड असते. तो पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. ती चढली की समोरची बाजू मावळतीच्या आधी काळवंडते. आकाशाचा उजेड आणि दिव्यांचा उजेड तोलून उभे राहतात ते मोजक्या मिनिटांसाठी, आणि त्या मिनिटांत ट्रायपॉड लावून झालेला असला पाहिजे.

म्हणून मी त्याला सांगितलं की आकाश काळं आणि दिवे जळलेले, ही एकच चूक आहे. आकाश विझल्यावर अंधारातलं काही दिसावं म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात दिवे पांढरेफटक होतात. जिथं पांढरं झालं तिथं रॉ फाइलमध्येही हाती काही लागत नाही. तोच फोटो सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी आयएसओ १००, एफ ८ वर चार ते आठ सेकंदांत निघाला असता. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद आणि दोन सेकंदांचा टायमर लावून. इमारतींचा कल? तो घरी दोन मिनिटांत निघतो. त्यावर मी याहून जास्त बोललो नाही.

एक गोष्ट मात्र त्याला साधली होती आणि ती त्याला ठाऊकच नव्हती. फ्रेमचा उजवीकडचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यानं नुसत्या पाण्याला दिला होता. ओळखीच्या मंडळींनी सांगितलं होतं, ‘तो काळा भाग काप, रिकामा आहे.’ कापायचा नाही, मी म्हणालो. बॅक बेचं ते मोकळं पाणी आहे म्हणून दिव्यांची रांग वळताना दिसते. पाणी काढलं तर उरेल एक उजळलेला रस्ता, आणि तसे रस्ते मुंबईत पुष्कळ आहेत. कौतुक करायचं तर असं, बोट ठेवून करावं. ‘छान प्रयत्न’ हे शब्द ऐकून कुणी पुढच्या वेळी काही वेगळं करत नाही.

रंगाचं काय, असं त्यानं विचारलं. इथं सांगणाऱ्यानं जरा जपून बोलावं. मरीन ड्राइव्हवर पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे होते, २०१५ च्या सुमारास पांढरे एलईडी आले, ‘राणीचा हार’ फिका पडला म्हणून ओरड झाली आणि पुढे पिवळसर झोत परत आणावा लागला. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स तो पिवळेपणा खोडून काढू पाहतो, मग माणूस स्लायडर ओढून तो परत आणतो आणि हात थांबत नाही. पण बरोबर पिवळा कोणता, हे मी कोण ठरवणार? एडवर्ड स्टायकेननं १९०४ साली न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इमारतीचा संध्याकाळचा फोटो काढला, ओला रस्ता आणि टोप्या घातलेले गाडीवान असलेला. त्याच एका निगेटिव्हवरून त्यानं वेगवेगळ्या रंगछटांचे प्रिंट केले. तीन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. तिन्हींतली संध्याकाळ वेगळी आहे आणि तिन्ही पटतात. मी मुलाला एवढंच विचारलं, “कठड्याशी उभा होतास तेव्हा रस्ता इतका लाल होता?” तो हसला.

त्याची फाइल घेऊन समोर बसून ‘हे बघ, असं करायचं’ मी करत नाही. दहा मिनिटांत फोटो सुधारतो खरा, पण तो माझा होतो, आणि त्याला बागेत परत जावंसं वाटत नाही.

तो परत गेला. नवा फोटो सहा वाजून बावीस मिनिटांचा. आकाश गडद निळं, दिवे दिवेच राहिलेले, इमारती उभ्या. मात्र या वेळी दिव्यांच्या नादात तो झूम करून पुढे सरकला आणि पाणी निम्मं कापलं गेलं. उजेड पहिल्यापेक्षा कितीतरी सरस, फ्रेम पहिलीच चांगली. हे त्याला तसंच सांगितलं.

फोटो दाखवायला येणाऱ्यांना एकच विनंती. रंग चढवलेली प्रत आणा, हरकत नाही, पण कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइलही बरोबर आणा. तिच्यातली वेळ मला बघायची असते.